आबांच्या मागचा हत्ती

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या घरात, डायनिंग टेबलाच्या वरच्या भिंतीवर, माझे आजोबा एका जर्मन टँकसमोर उभे आहेत. अंगात खाकी, डोक्यावर पलटणीची टोपी, मागे घराएवढं लोखंडी धूड. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि माझ्या बाबांनीही नाही. दुसऱ्या महायुद्धात आबांना इटलीत मरण आलं, तेव्हा बाबा आजीच्या पोटात होते.

बाबा साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात पी.टी.चे मास्तर होते. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं, तेव्हा एका बॅगेत त्यांचे कपडे होते आणि दुसऱ्या बॅगेत, आईच्या दोन साड्यांत मीच गुंडाळलेला, हा फोटो. विमानतळावर कस्टम्सच्या माणसानं तो वरून अर्धा उघडायला लावला. त्यानं आधी टँककडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि विचारलं, "युअर डॅड?" बाबांनी तिथल्या तिथे टाचा जुळवल्या. तेव्हापासून अमेरिकेविषयी त्यांचं मत बरं आहे.

रोज आंघोळ झाली की बाबा फोटोपुढे सावधान उभे राहतात, मग हात जोडतात. हार घालणं मात्र आमच्या घरात बायकांचं काम. आजीनं ते कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ती थकल्यावर आईनं केलं, आई गेल्यावर माझ्याकडे आलं. नवा हार घातल्याशिवाय जुना उतरवायचा नाही, आणि घालायचा तो पुरुषमाणसं उठायच्या आत. हाराचं मापही आजीनं ठरवून दिलेलं. टोकाला मोठा गोंडा, आणि तो गोंडा बरोबर आबांच्या कमरेच्या पट्ट्यावर आला पाहिजे. "आखूड हार त्यांना चालायचा नाही," हे आजीनं आईला सांगितलं आणि आईनं मला. मेलेल्या माणसाला हाराच्या लांबीचं काय, असं मी म्हणायचे आणि तरी इथल्या सुपरमार्केटातली शेवंती दोऱ्यात ओवत बसायचे. त्या मापाला चार जुड्या फुलं लागतात आणि बोटं हिरवी होतात. मी चिडकी आहे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

टँकची गोष्ट बाबांना सांगितली ती फौजी काकांनी. फौजी काका म्हणजे आबांचे जोडीदार. शेजारच्या गावचे, आमच्या भावकीतले नव्हेत. दोघं एकदमच भरती झाले, एकाच पलटणीत गेले, आणि युद्ध संपल्यावर काका एकटे परत आले. त्यांनी लग्न केलं नाही. आजीची शेती त्यांनी कसली. बाबांना शाळेत त्यांनी घातलं, पोहायला त्यांनी शिकवलं, खोटं बोलल्याबद्दल चिंचेच्या फोकानं त्यांनीच बडवलं. पण आजीच्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. जेवायचं ते ओसरीवर, भिंतीला पाठ लावून. गावाला जीभ असते, आणि आजी एकोणीस वर्षांची विधवा होती. मी जन्मायच्या आधीच काका गेले. अग्नी त्यांच्या पुतण्यांनी दिला. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नव्हता.

तर फौजी काकांची गोष्ट अशी, की हा टँक आबांनी अडवला. साहेबानं खूश होऊन फोटो काढला, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत नदीकाठच्या लढाईत आबांना गोळी लागली. ही गोष्ट बाबांनी दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर सांगितली आहे. साताऱ्याकडे ती तोंडपाठ असलेली चार-पाच हजार माणसं तरी सहज निघतील.

बाबांची स्वतःची म्हणून लहानपणाची एक तक्रार आहे, तीही इथेच सांगते. ते चार वर्षांचे असतील. आजी आणि फौजी काका त्यांना तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओत घेऊन गेले. नवा सदरा घातलेला, केसाला तेल, काकांच्या खांद्यावर बसून. तिथे आजी बाकावर पदराखाली हुंदके देत बसली, काका आणि फोटोवाला काहीतरी बोलत राहिले, आणि बाबांचा फोटो काही कुणी काढला नाही. "भोकाड पसरलं मी," बाबा अजून सांगतात. "काकांनी शेवटी बत्तासे घेऊन दिले." एवढ्या वर्षांनीही त्यांना तो राग आहे. बत्तासे मात्र आवडतात.

गेल्या वर्षी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. एक्याऐंशी वर्षं होणार होती. आम्ही जानेवारीतला एक हॉल बुक केला, केटरर ठरवला. बाबांना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

"आबांचा फोटो मोठा करून लावायचा. आणि खाली माहिती. टँकचं नाव, ठिकाण, साल. मोघम नको."

मला वाटलं, यात काय अवघड आहे. ज्या देशात लोक हौसेखातर जुन्या टँकांचे बोल्ट मोजत बसतात, तिथे एक नाव मिळायला किती वेळ लागणार? आबांना नेटवर टाकायला मन होईना, म्हणून फोनमधल्या फोटोतून त्यांच्या खांद्यामागची गाडी तेवढी क्रॉप केली आणि जुन्या टँकांवर चर्चा करणाऱ्या एका फोरमवर टाकली. तासाभरात एका निवृत्त अमेरिकन आजोबांचं उत्तर आलं. ते प्लास्टिकची मॉडेलं बनवतात आणि त्यांना फार आनंद झाला होता.

त्यांनी लिहिलं, की हा टँक नव्हेच. याला फिरणारं डोकं नाही. मागे पोलादी खोली, तिच्यातून समोर निघालेली लांबलचक तोफ. नेम धरायचा तर बऱ्याचदा अख्खी गाडी वळवायची. हा टँक डिस्ट्रॉयर, म्हणजे दुसऱ्यांचे टँक लांबून फोडायला बनवलेली गाडी, आणि त्यातली सगळ्यात अवजड जात. नाव एलेफांट. जर्मनमध्ये हत्ती. जगात दोनच उरल्या आहेत. एक रशियात, आणि दुसरी इटलीतून उचलून आणलेली, आमच्या घरापासून अडीच-तीन तासांवर, व्हर्जिनियातल्या एका लष्करी तळावर.

मी वाचता वाचता हसत होते. बाबांना सांगायला उठलेच होते, तेवढ्यात शेवटचा परिच्छेद वाचला. हे हत्ती इटलीत पोचले ते १९४४ च्या फेब्रुवारीअखेरीस. त्याआधी तिथे एकही नव्हता. मागे झाडांना भरगच्च पानं दिसतात, तेव्हा हा फोटो त्या वर्षीच्या उन्हाळ्यातला, बहुधा रोमच्या उत्तरेचा.

आबा गेले ते १९४३ च्या मार्गशीर्षात.

मी पुन्हा वाचलं. मग इटलीत पडलेल्या हिंदी सैनिकांची यादी उघडली; तीत आबांचं नाव आहे, गाव आहे, बापाचं नाव आहे, आणि १९४३ चा डिसेंबर. मी त्या अमेरिकन आजोबांना लिहिलं, तुमची चूक होत नाही ना? ते बिचारे उलट खूश झाले आणि त्यांनी खुणा दाखवल्या. पुढच्या पत्र्यावर मशीनगन बसवलेला लोखंडी गोळा. वर अधिकाऱ्याला बाहेर बघायला गोल झाकण. अंगावर सिमेंटसारखा लेप आणि त्यावर रेघा, शेणानं सारवताना भिंतीवर बोटं ओढावीत तशा. हे सगळं इटलीला पाठवायच्या आधीच्या दुरुस्तीत बसवलेलं. चूक नव्हती.

म्हणजे आबा मेले, आणि सहा महिन्यांनी उन्हात फोटो काढून घेत उभे राहिले.

नवरा नागपूरचा, थंड डोक्याचा. मी त्याला गॅरेजमध्ये नेऊन सांगितलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, यार. खाली 'जर्मन रणगाडा, इटली' एवढंच टाक. कोण विचारणार आहे?"

"बाबा विचारणार आहेत."

आणि त्यांनी विचारलंच. मी लॅपटॉपवर पॅनेल दाखवलं तेव्हा चष्मा वर करून म्हणाले, "नाव कुठंय? साल कुठंय?"

"सापडत नाहीये बाबा. फोटो अस्पष्ट आहे."

"अमेरिकेत सापडत नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलाकडे त्यांनी जन्मभर असंच पाहिलं असणार.

मी विसरले होते, की बाबांना फोन वापरता येतो. फोटोसमोर खुर्चीवर चढून त्यांनी गाडीचा फोटो काढला आणि नेटवर टाकून शोधला. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की एका सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले आणि सरळ चहाला बसले. फोटोपुढे उभे राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली, फोटोकडे पाठ येईल अशी. मी मूग गिळून पोळ्या वाढत राहिले. त्यांना कळलंय हे मला कळलं होतं, आणि मला आधीपासून माहीत होतं हे त्यांना कळलं होतं. घरात तिघं माणसं आणि ऐकू यायचा तो फ्रिजचा आवाज.

मार्गशीर्षातली तिथी जवळ येत होती. दर वर्षी बाबा श्राद्ध करतात. इकडे आल्यापासून पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर सांगतात. शेवटी मीच विषय काढला.

"बाबा, गुरुजींना कितीची वेळ देऊ?"

"कॅन्सल कर."

"असं काय करता?"

"श्राद्ध मेलेल्या माणसाचं करतात." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "कळायला लागल्यापासून मी जिवंत माणसाला पिंड घातले. याच्याएवढं पाप नाही. आई म्हणायची, वाढदिवसाला दिवा फुंकूसुद्धा नये, आणि तिच्या डोळ्यांदेखत मी..."

"बाबा, सरकारी यादीत नाव आहे. तारीख आहे. हे बघा."

"यादीचं मला सांगू नकोस. आपल्याकडे सातबाऱ्यावर मेलेली माणसं जिवंत असतात. तिकडे उलट असेल." ते खिडकीबाहेर पाहत होते. पार्किंगमध्ये शेजाऱ्यांची मुलं स्कूटर चालवत होती. "एकोणीस वर्षांची होती गं. बांगड्या फोडल्या तिच्या. कुंकू पुसलं. आणि हा तिकडे झाडाखाली टँकला टेकून उभा."

आबांना 'हा' म्हणताना मी बाबांना पहिल्यांदा ऐकलं.

"जगला होता, तर आला का नाही?" बाबा म्हणाले. "मी होतो की इथं."

एक्याऐंशीला टेकलेला माणूस असं म्हणाला. मला त्या अमेरिकन आजोबांचा राग आला, त्यांच्या प्लास्टिकच्या मॉडेलांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाव शोधायला गेले, आणि म्हाताऱ्या माणसाचा बाप हिरावून बसले.

आबा जगले असतील तर काय झालं असेल, याची चित्रं माझ्याही डोक्यात फिरायला लागली. इटलीतलं एखादं शेत. दुसरी बायको. आम्हाला माहीत नसलेली, आमच्याच नाकाची पोरं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून पलटण सोडून पळालेल्या शिपायांविषयी वाचत होते. फौजी काकांना माहीत असणार, असंही वाटायला लागलं. माहीत असेल, म्हणूनच ते लग्न न करता त्या ओसरीवर बसून राहिले असतील, मित्राचं पाप फेडत. मी न पाहिलेल्या दोन माणसांवर दिवसभर दात खात होते.

फोरमवरच्या आजोबांचा आणखी एक निरोप आला: गाडीसमोर कुणीतरी उभं दिसतंय, पूर्ण फोटो पाठवाल का? फ्रेममधून काढून, नीट स्कॅन करून? गणवेशावरून पलटण आणि काळ दोन्ही पक्कं सांगता येईल. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एका रविवारी दुपारी नवऱ्याला म्हटलं, उतरव तो फोटो. जे असेल ते असेल. असं अधांतरी ठेवण्यापेक्षा बरं.

बाबा सोफ्यावर होते. "मला बघायचं नाही," म्हणाले आणि पेपर उघडला. तो पेपर आदल्या आठवड्याचा होता.

मी वाळलेला हार उतरवला. नवऱ्यानं फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागच्या चुका पक्कडीनं काढल्या. काच निघाली आणि तिच्याबरोबर कुंकवाचा ठिपकाही. आजीपासूनचे थर होते त्यात. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का, तालुक्याच्या स्टुडिओचा. तो मी आधीही पाहिला होता. इटलीतल्या फोटोवर तालुक्याचा शिक्का कसा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. कॉपी काढून घेतली असेल, संपलं.

स्कॅन केला आणि फोनच्या बारक्या पडद्यावर काही दिसेना म्हणून टीव्हीवर लावला. आबांचा चेहरा उशीएवढा झाला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी नवऱ्याकडे बघत होते. नवरा पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"सावली बघ," तो हळूच म्हणाला. "तोफेची सावली डावीकडे पडलीय. नाकाची उजवीकडे."

"म्हणजे?"

"ऊन एका बाजूनं आणि चेहऱ्यावर उजेड दुसऱ्या बाजूनं. आणि इथे मानेपाशी बघ, पेन्सिलनं घासलंय." तो आणखी जवळ गेला. "हे डोकं इथलं नाही, यार."

मला एकदम आठवलं, की आमच्या गावाकडे निम्म्या घरांत असे फोटो आहेत. लग्नाआधी वारलेला सासरा लग्नाच्या ग्रुप फोटोत मागे उभा. मुंबईला गिरणीत असलेला नवरा घरच्या बायको-पोरांशेजारी खुर्चीत. फोटोवाले जोडून द्यायचे, लोक हौसेनं लावायचे, आणि त्यात कुणाला खोटं वाटायचं नाही. माणूस घरचा होता, मग तो फोटोत असायला हवा. एवढं मला माहीत होतं, आणि तरी मी इटलीतल्या शेतात आबांचं दुसरं लग्न लावून मोकळी झाले होते.

"मग बाकीचा कोण?" मी विचारलं. हातातल्या रिमोटनं चित्र खाली सरकवलं. कॉलर, खिसे, पट्टा. पट्ट्यावर एकावर एक ठेवलेले दोन हात. वरच्या हाताची करंगळी मोडून पुन्हा वाकडी जुळलेली, आत वळलेली.

"थांब," बाबा म्हणाले.

पेपर कधी खाली पडला ते मला कळलं नव्हतं. ते उठून उभे होते.

"तिथंच ठेव. हलवू नकोस."

ते टीव्हीपाशी गेले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हात पुढे केला आणि पडद्यावरच्या त्या वाकड्या करंगळीवर आपली मूठ ठेवली, लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरतं तशी.

"हे धरून मी शाळेत जायचो," बाबा म्हणाले. "गुऱ्हाळाच्या चरकात सापडली होती त्यांची करंगळी, लहानपणी. हे आमचे काका आहेत."

बाबा बोलत राहिले, आमच्याशी नाही, पडद्याशी. "तेव्हा माझा फोटो काढायला नेलंच नव्हतं. हे करायला नेलं होतं. काकांकडे स्वतःचा हा फोटो होता, तिकडून आणलेला. आणि आबांचा भरतीच्या वेळचा, त्याच स्टुडिओतला. आई रडत होती ती..." ते थांबले. "मी माझ्या फोटोसाठी रडत होतो."

ते सोफ्यावर बसले आणि मग रडले. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी त्यांच्याजवळ बसले. मीही रडले, पण माझ्या रडण्यात सुटकाच जास्त होती. आबा मेले होते. त्यांना जेव्हा मरण आलं असं आम्ही मानत होतो, तेव्हाच आलं होतं, कडाक्याच्या थंडीत, नदीकाठी. कुठे पळाले नव्हते. माझ्या आजोबांच्या मरणाचा मला आनंद झाला, याची लाजही वाटत नव्हती.

टँक कुणी अडवला नव्हता, हेही मी तेव्हाच सांगून टाकलं. असले पुष्कळसे हत्ती वाटेत बिघडले आणि त्यांच्याच माणसांनी सोडून दिले. फौजी काका रस्त्यानं जात असतील, कुणीतरी म्हणालं असेल, उभा राहा, फोटो काढतो.

बाबा डोळे पुसत हसले. "थापाडे होते एक नंबरचे. आणि मला खोटं बोलण्यावरून मारायचे."

मग माझी नजर टेबलावरच्या वाळक्या हाराकडे गेली. टोकाचा गोंडा. बरोबर पट्ट्यावर आला पाहिजे, आखूड चालायचा नाही, पुरुषमाणसं उठायच्या आत बदलायचा. ज्या माणसाला आजी उंबऱ्याच्या आत घेऊ शकत नव्हती, त्याला तिनं घरातल्या सगळ्यात मोठ्या भिंतीवर लावलं होतं, नवऱ्याच्या चेहऱ्याखाली. आणि गावातल्या कुणीही ओळखलं असतं तेवढंच एक बोट फुलांनी झाकलं होतं. त्या बोटाकडे मी कित्येकदा पाहिलं होतं, हार सारखा करताना; पण मी काकांना पाहिलेलं नव्हतं. बाबांनी ते अंधारातही ओळखलं असतं, पण बाबांना ते कधी दिसलंच नाही. आजीला काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. मायेचे प्रकार मोजायला मी बसणार नाही. मला तिचा अभिमान वाटला, एवढं खरं.

संध्याकाळी बाबांनी पॅनेलचा मजकूर सांगितला, एकेक शब्द सुटा करून. एलेफांट, टँक डिस्ट्रॉयर, इटली, १९४४. खाली नावं दोन.

"बाबा, फोटोत माणूस एकच दिसतो," नवरा म्हणाला. "लोक विचारतील."

"विचारू देत."

मग त्यांनी गुरुजींना फोन लावायला सांगितला. आणि मला म्हणाले, "हार आखूड ओव. गोंडा छातीवर येईल एवढाच."

तिथीच्या दिवशी मी पहाटे हार ओवला. दोन जुड्यांतच झाला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः घातला, आयुष्यात पहिल्यांदा. मग चार पावलं मागे येऊन सावधान उभे राहिले. पट्ट्यावरची करंगळी उघडी होती.

लॅपटॉप पाटासमोर ठेवला. गुरुजी पुण्याहून सांगत होते, बाबा करत होते. आबांचं सगळं नेहमीसारखं झालं. तर्पणाच्या शेवटी बाबा म्हणाले, "गुरुजी, अजून एक ओंजळ द्यायची आहे."

"द्या की. नाव सांगा."

बाबांनी काकांचं नाव सांगितलं.

"गोत्र?"

"ठाऊक नाही."

"असू द्या, काश्यप म्हणू. तुमचं नातं?"

बाबांच्या ओंजळीत पाणी होतं, त्यात काळे तीळ तरंगत होते. पाणी बोटांमधून ताटात ठिबकायला लागलं तरी ते गप्प होते. मला वाटलं, मित्र म्हणतील, वडिलांचे स्नेही म्हणतील. गुरुजींना वाटलं आवाज गेला.

"ऐकू येतंय का? नातं काय म्हणायचं?"

"वडील," बाबा म्हणाले.

"वडिलांचं झालं की मघाशी."

"हो," बाबा म्हणाले. "हे दुसरे."